म्हाताऱ्याला घाम फुटला

"ज्याची तुलना करायची ते उपमेय. ज्याच्याशी करायची ते उपमान," ताईने तिसऱ्यांदा समजावलं. "‘तिचे डोळे तळ्यासारखे शांत.’ यात उपमेय कुठलं?"

"तळं," छोट्या म्हणाला.

"डोळे, गाढवा."

"हे रूपक झालं," भिंग मधेच म्हणाला. "गाढवासारखा म्हटलं असतंस तर उपमा."

संध्याकाळी सुट्टीवर्गाचा समारोप होता. पाण्याच्या टाकीखालच्या सभागृहात सगळ्यांना कविता म्हणायच्या होत्या, आणि बाई एकेकाला समोर उभं करून अलंकार विचारणार होत्या. म्हणून ही तिघं आत्याआजीच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. ताई तेरा वर्षांची, छोट्या तिचा धाकटा भाऊ आणि भिंग त्यांचा चुलतभाऊ. जाड चष्म्यातून तो प्रत्येक वस्तू नाकाशी धरून बघायचा, म्हणून भिंग.

आत्याआजी म्हणजे आजोबांची बहीण. गावातल्या निम्म्या लोकांना तिने भाषा शिकवली होती. हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि वस्तूंची नावंच तिच्या हातून निसटली. कात्री हवी असली तर ती म्हणायची, "ती दोन पायांची भांडखोर द्या." घरच्या मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं की आत्याआजी काहीही बोलली की हो म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

"म्हाताऱ्याला घाम फुटलाय," खिडकीजवळच्या चाकाच्या खुर्चीतून ती म्हणाली.

"हो आजी," ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"पोट सुटलंय त्याचं. दात पडतायत. मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलंय."

एवढं बोलून तिने चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर दाणकन आपटला. तिघंही दचकली. आत्याआजी कधी चिडत नसे. आणि आत्ताही ती चिडलेली नव्हतीच. ती घाबरली होती.

"कालपासून हेच चाललंय," छोट्या हळूच म्हणाला. "म्हातारा म्हणजे शेजारचे शिंपीआजोबा का?"

तिघं शेजारी शिंप्याच्या दुकानात डोकावली. शिंपीआजोबा मशिनवर वाकले होते. अंगाने काडी, पोट पाठीला टेकलेलं, कपाळ कोरडं ठणठणीत. छोट्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रे, दात मोजतोस का माझे? सगळे आहेत अजून."

परत आल्यावर भिंगाने आत्याआजीकडे निरखून बघितलं. मग म्हणाला, "ती आपल्याला फक्त उपमान देतेय. उपमेयाचं नाव तिला आठवत नाही. ते आपण शोधायचं."

"पण कुठे शोधायचं?" ताईने विचारलं.

"ती दिवसभर बघते काय?"

तो आत्याआजीच्या खुर्चीला चिकटून खाली बसला आणि हनुवटी तिच्या खांद्याशी नेली. तिथून रस्ता दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. सभागृहाचं छप्पर आणि त्याच्यामागे उतारावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीची दगडी भिंत, एवढंच दिसत होतं. नव्याने केलेल्या पांढऱ्या गिलाव्यावर एक मोठा काळपट डाग पसरला होता. त्याच्या कडा ओल्या चकाकत होत्या.

"घाम," ताई म्हणाली. कुणी हसलं नाही.

तिघं तिकडे धावली. सभागृह आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ होती. तिथे बाहेरच्यापेक्षा गार होतं. भिंतीच्या आतून कुठून तरी पाणी पाझरल्याचा बारीक आवाज येत होता. भिंगाने भिंतीला गाल लावून एक डोळा मिटला आणि कडेने बघितलं.

"मधे फुगलीय," तो म्हणाला. "चांगलीच."

तेवढ्यात वरच्या सांध्यातून एक दगडाची कपची सुटली आणि छोट्याच्या पायाशी पडली. तिथे आधीच पाच-सहा पडलेल्या होत्या. पायाजवळच्या फटीतून मुंग्यांची रांग पांढरी अंडी तोंडात धरून बाहेर निघाली होती.

"या खऱ्याच मुंग्या आहेत," छोट्या पुटपुटला. "यात अलंकार नाही."

भिंगाचे बाबा, म्हणजे ताईचे काका, टाकीचे सुपरवायझर होते. ते सभागृहात लाउडस्पीकरशी झटापट करत होते.

"फुगलीय? महिन्यापूर्वी गिलावा करून घेतलाय मी," ते म्हणाले.

"बाबा, एकदा येऊन बघा ना. टाकी थोडी रिकामी केली तर..."

"आणि नळाला पाणी आलं नाही की शिव्या कोण खाणार? पाणीखात्याचे मोठे साहेब येतायत संध्याकाळी, मला मरायला वेळ नाही. हे खूळ भरवलं कुणी तुमच्या डोक्यात?"

"आत्याआजीने," ताई म्हणाली.

काका हसले आणि पुन्हा वायरकडे वळले. पुढे बोलण्यात अर्थच उरला नाही.

घरी येऊन ताई आत्याआजीपुढे गुडघ्यावर बसली. "आजी, म्हातारा म्हणजे टाकीची भिंत ना?"

आत्याआजीने डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. तिने मान डोलावली. "बसणार तो," ती म्हणाली. "मुलांच्या अंगावर."

ताईने तिचे गाल पुसले. उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. "मोठी माणसं भिंतीसाठी हलणार नाहीत," ती दोघांना म्हणाली. "आजीसाठी हलतील."

ती थेट बाईंकडे गेली. "बाई, आत्याआजीला कविता ऐकायला यायचंय. पण तिची चाकाची खुर्ची सभागृहाच्या पायऱ्या चढणार नाही. मैदानात घ्यायचा का कार्यक्रम?"

बाई स्वतः आत्याआजीच्या विद्यार्थिनी. त्यांचा चेहराच बदलला. "माझ्या बाई येणार? मग मैदानातच."

सगळा सुट्टीवर्ग खुर्च्या वाहायला लागला. काका कुरकुरत होते, पण आत्याला नको कसं म्हणणार?

उन्हं उतरली. मैदान भरलं. आत्याआजी पहिल्या रांगेत बसली होती, पण तिची नजर मंचाकडे नव्हतीच. भिंगाने चष्मा पुसून चारी बाजूंना बघितलं.

"बाबा कुठायत?"

"लाउडस्पीकर काढायला आत गेलेत," छोट्या म्हणाला.

सभागृहाच्या मागून जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला. भिंग धावत सुटला. आत बाबा मागच्या भिंतीपाशी स्टुलावर उभे राहून स्क्रू काढत होते. भिंतीचं नाव काढलं असतं तर ते वाद घालत बसले असते. भिंगाने दारातून हाक मारली, "बाबा, मोठे साहेब आलेत. फाटकाशी उभे आहेत. तुम्हाला विचारतायत."

काकांनी स्टुलावरून उडी मारली आणि शर्ट खोचत बाहेर धावले. भिंग त्यांच्या मागे. दोघं फाटकाशी पोचतात न पोचतात तोच पायाखालची जमीन हादरली. मागे दगड गडगडले, खिडक्या फुटल्या आणि गढूळ पाण्याचा लोंढा स्टूल घेऊन दारातून बाहेर पडला. सभागृहाचं छप्पर मधोमध बसलं.

मैदानात सगळे ताडकन उभे राहिले. फक्त पाण्याचा आवाज येत होता.

"साहेब कुठायत?" काकांनी विचारलं. शर्ट अर्धाच खोचलेला होता.

"नाहीत. मी खोटं बोललो."

काकांनी त्याला इतकं घट्ट कवटाळलं की चष्म्याची दांडी वाकली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब खरोखरच आले. चहाला सगळे आत्याआजीच्या खोलीत जमले. काकांनी त्यांना काही लपवून न ठेवता सांगितलं, "मुलांनी आधी सांगितलं होतं. मी हसलो." साहेबांनी तिघांशी हात मिळवला. बाई म्हणाल्या, "तुम्हाला आता कुठला अलंकार विचारू मी? माझ्यापेक्षा तुम्हीच नीट वाचलंत."

मग साहेब आत्याआजीपुढे अदबीने वाकले. "आजी, आणखी काही सांगायचंय का?"

आत्याआजीने समोर बराच वेळ बघितलं. "निवला की तो," ती गंभीरपणे म्हणाली.

खोलीतले सगळे चपापले. काका खिडकीकडे धावले. साहेबांनी घाबरून ताईला विचारलं, "कोण निवला? काय अर्थ याचा?"

"चहा, साहेब," ताई म्हणाली. "तुमच्याच हातातला."