पिल्लं उडेपर्यंत

"थांबा! अहो, ठोकू नका!"

तिचा हातोडा हवेतच राहिला. तळ्याच्या काठाने एक तरुण चिखल तुडवत धावत येत होता. एका पायात बूट, दुसरा बहुधा चिखलाने ठेवून घेतलेला... तिला हसू आवरेना.

"काय झालं? आग लागली?"

"वर बघा," तो धापा टाकत कुजबुजला.

छपराखालच्या तुळईवर गवताची इवलीशी वाटी होती, आणि वाटीतून एक धोबी पक्षी तिच्याकडे रागाने बघत होता.

मुलांना लपून पक्षी बघता यावेत म्हणून ती अशा लाकडी झोपड्या बांधायची. या झोपडीच्या दर्शनी भिंतीच्या थोड्याच फळ्या राहिल्या होत्या. त्या ठोकायच्या आणि दूरच्या शहरात नव्या नोकरीवर हजर व्हायचं. तिथे उंच इमारतींचे जिने आखायचे होते. आणि हा, शेजारच्या शाळेतला निसर्गशिक्षक, सांगत होता की पिल्लं उडेपर्यंत हातोडा बंद!

"आणि माझी नोकरी?"

"ती... ती अंड्यांवर नाही ना बसलेली," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

काम थांबलं, येणं काही थांबलं नाही. ती रोज सकाळी आराखडा तपासायचं निमित्त काढून यायची, तो शाळा भरायच्या आधी यायचा. एकदा तो बाजूच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसला आणि नाक लाकडाला टेकवून राहिला.

"काय दिसतं, मास्तर?"

"फळी. उत्तम प्रतीची आहे."

तिने कपाळाला हात लावला. बघायची फट तिने आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर ठेवली होती! मुलांना तळं काय, बदकाची शेपटीसुद्धा दिसली नसती. मग दोघं जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसले आणि नव्या फटीची खूण खडूने केली. समोरच्या उघड्या बाजूने धुकं आत येत होतं. पक्ष्यांजवळ कुजबुजायचं, हा त्याचा नियम. कुजबुज ऐकायला इतकं जवळ यावं लागतं, हे त्याने आधी सांगितलं नव्हतं.

तो तिला आवडला होता. अगदी मनापासून. पण पिल्लांना पंख फुटत आले तरी याच्या तोंडून शब्द फुटेना.

"अजून उडाली नाहीत?" ताई फोनवर कडाडली. "पिल्लं आहेत की शहामृगं? नोकरी काय वाट बघत बसणार आहे तुझी?"

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज कशी आहेत पिल्लं?"

"अजून... जरा कच्चीच आहेत." त्याचे कान लाल झाले.

"मास्तर, न दिसलेलं सांगायचं, असं शिकवता का मुलांना?"

तो पायाने खालचा भुसा उकरू लागला.

"उडाली ती. परवाच. सांगितलं असतं तर तुम्ही हातोडा उचलला असता... आणि मग निघून गेला असता."

"माहीत आहे मला. काल शिडीवर चढले होते. घरटं रिकामं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू तरी, तुम्ही कुठवर ताणता."

"आणि नोकरी?"

"नको म्हणून कळवलं सकाळीच. जिने नाही आखायचे मला. अशाच झोपड्या बांधायच्यात. ताई अजून ओरडतेय." ती त्याच्याकडे वळली. "तुम्हाला काही बोलायचं असेल तर... आता कुजबुजायची गरज नाही."

त्याने मोठा श्वास घेतला.

"तू मला आवडतेस!"

इतक्या मोठ्याने, की तळ्यावरची बदकं, बगळे, सगळे एकदम फडफडून उडाले.

"अरे, पक्षी गेले ना सगळे!" ती हसत म्हणाली.

"जाऊ देत," तो म्हणाला, आणि तिच्याकडेच बघत राहिला.