चौथ्या यंत्राची थरथर

“मात्रा हळूहळू वाढव, पोरी. यंत्र थरथरलं की थांब, आणि तिथून एक तृतीयांशावर ये.”

आमचे निवृत्त प्रमुख आन्सेल्मो यांचा हा आवाज स्टॅबिलायझर जुळवताना अजून माझ्या कानात असतो. आमच्या वीजकेंद्रातून ग्वाटेमालाकडे जाणाऱ्या लांब तारांवर वीज हेलकावे खाऊ लागली, की ते शमवायचं काम प्रत्येक यंत्राला जोडलेल्या या पेटीचं. त्या पेट्या जुळवायला बाहेरचा तंत्रज्ञ एराल्दो आला, तेव्हा मी नियंत्रण कक्षात सकाळची जपमाळ संपवत होते.

“मण्यांवर हेलकावे मोजता वाटतं?” त्यानं दारातूनच विचारलं.

“हेलकावे तुमचे. मणी माझे,” मी म्हणाले... आणि उगाच हसले.

त्याला तीन दिवस झाले. तीन यंत्रं जुळली; आमचे डोळे चुरचुरत होते, कॉफीसुद्धा कंटाळली होती. आज चौथं, शेवटचं. एराल्दो पेटीची मात्रा वाढवत होता — पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत. रेघ थरथरू लागली. मी हात लांब करून स्टॅबिलायझर बंद केला.

“कुठं होतं लक्ष?”

“माहीत असून विचारता... नोंदवहीत लिहिणार?”

“खोटं नाही लिहिणार. पण वही वेळ विचारते, कारण नाही.”

तो हसला; हसतानाही दमलेला. “दुपारी गाडी आहे. पुढचं केंद्र.”

“येणारे सगळे दुपारीच जातात.”

“आणि मला परत यायचं असेल तर...? तुमच्यासाठी?”

माझ्या हातातलं पेन थांबलं. “आईला विचारावं लागेल.”

“नोएमी, तुम्ही अडतीस वर्षांच्या आहात!”

“आणि ती ऐंशीची. आमच्या अंगणात अजून विचारूनच येतात.”

“बापरे. यंत्रं परवडली.”

“मग राहू द्या.”

“निघण्याआधी तुमच्या आईकडे जाईन. शब्द देतो.”

असे शब्द मी ऐकलेत. मनात जपमाळेतली एक ‘आवे मारिया’ म्हटली नि कामाला लागले. एक तृतीयांश मात्रेवर आम्ही यंत्राला पुन्हा हलका धक्का दिला. रेघ एकदा झुलली, मग जरा कमी, मग निवांत. सह्या झाल्या.

दुपारी खाली गाडीचा भोंगा वाजला. खिडकीशी जायचं नाही, असं ठरवलं... आणि गेलेच. एराल्दो गाडीत बसला. गाडी हलली — आणि फाटकापाशी थांबली.

“काय विसरलास रे?” आतून कुणीतरी ओरडलं.

त्यानं नुसता हात हलवला. उतरून सदरा खोचला, नळाखाली हात ओला करून केसांवरून फिरवला, आणि दमलेले पाय ओढत आमच्या घराकडच्या चढाच्या वाटेला लागला. वर अंगणात माझी आई घेवडा सोलत बसली होती.