बंद झाकणाखालची खरखर

मशीन आपणहून बिघडत नाही, माणसं ते बिघडवतात, असं देवमनचं ठाम मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. कारंज्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाच्या हंगामात समोरून गाड्यांवर गाड्या जायच्या आणि सगळ्या गल्लीत बारीक रुई तरंगायची. ती पिनेच्या टोकाला चिकटली की गाण्याला सर्दी झाल्यासारखा आवाज येतो, हे तो दर हिवाळ्यात निदान शंभर जणांना सांगत असेल.

"झाकण लावत जा. पिन फडक्यानं पुसू नोका, मऊ कुंचल्यानं मागून पुढं झाडा. उन्हातल्या खिडकीत ठेवाल तर रबरी पट्टा ढिला पडन. महिना महिना वाजवत नसान तर सेल काढून ठेवा, नाही तर त्याईचं पाणी सुटते अन् पत्रा खाऊन टाकते."

एवढं पाळलं तर मशीन दहा वर्षं दुकानाचं तोंड पाहत नाही. नवी पिन तीनशे तास तरी चालते. रोज तासभर वाजवलं तरी वर्ष जवळजवळ निघून जातं.

म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात जगदेवरावांचं मशीन चार महिन्यांत तिसऱ्यांदा दुकानात आलं, तेव्हा देवमनला आधी रागच आला.

जगदेवराव मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या धामणखेडचे. साठ एकर जमीन, नवं विटांचं घर, गावात शब्दाला वजन. मशीन सेलवर चालणारं, झाकणाच्या पेटीचं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्टूल ओढून बसले.

"पुन्हा तेच. आवाज फाटते. पिन गेली."

"किती वाजवता?"

"कुठं वाजवतो! दिवाळीपासून दोनदा वाजवलं असन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माह्याकडं कामाले येते ना ते पंचफुला, आमी वावरात गेलो का ते चोरून वाजवत बसते. आता काढूनच टाकतो तिले. अन् चारचौघात सांगून काढतो. म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणार नाही." जरा थांबून म्हणाले, "तुमच्यातलीच आहे ते. राग नोको मानू."

देवमनने राग गिळला. पंचफुला त्याला माहीत होती. विहाराच्या बांधकामाला तिनं डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. नवरा वारला होता आणि पोट हातावर होतं. एकदा चोरटी म्हणून नाव झालं की त्या गावात तिला कोणी दारात उभं केलं नसतं.

"दोन दिवस ठेवा माह्याजवळ. मंग सांगतो," तो म्हणाला.

जगदेवराव गेल्यावर त्याने पिन काढून भिंगाखाली धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिला. वाजवल्यानं पिन झिजते ती दोन्ही अंगांनी, रेकॉर्डच्या रेघेच्या भिंतींना घासून. ही पिन समोरून झिजली होती. टोक सपाट, चकचकीत. सुताराची पटाशी असते तसं. रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती चकती उचलली तर खाली केसासारखी बारीक काळी गुंडाळी निघाली, चिमूटभर. बोटावर चुरून पाहिली. रेकॉर्डचंच साहित्य होतं ते. पण कितीही खराब पिन असली तरी रेकॉर्डचा भुगा पडतो, अशा साली निघत नाहीत. साल निघते ती कोरताना.

कोणीतरी मुद्दाम करतंय, असं त्याच्या मनाने घेतलं. पण पंचफुला ते करेल हे पटेना, आणि दुसरं कोण, तेही सुचेना.

मंगळवारी सकाळच्या एसटीने तो मशीन घेऊन धामणखेडला उतरला.

घरात शिरताच त्याने सवयीने जागा पाहिली. समोरच्या खोलीत सिमेंटची फळी, खिडकीपासून लांब, चुलीच्या धुरापासून लांब. वर विणलेला रुमाल. धुळीचा कण नाही. त्याने गिऱ्हाइकांना जे जे सांगितलं असतं ते ते इथं आधीच पाळलेलं होतं.

"मीच ठेवते तसं," जगदेवरावांची बायको मनकर्णाबाई म्हणाली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. बोलताना ती देवमनकडे नाही, मशीनकडे पाहत होती. दोघं नवराबायकोच त्या घरात राहायची. एकुलती मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली होती.

पंचफुला अंगणात भांडी घासत होती. देवमनने तिला बाजूला बोलावून सरळ विचारलं.

"भाऊ, म्या त्याले हात बी लावला नाही," ती म्हणाली. "उलटं, मले भेव लागते त्याचं. झाकण लावेल असते, अन् आतून खरखर येते. उंदीर कुरतडते तशी. म्या झाडू घेऊन जवळ गेली का थांबते. मंग म्या गुमसुम उभी राह्यते, तर ते बी गुमसुम."

"उंदीर असन."

"उंदीर माणूस बोलाची वाट पाहते का, भाऊ?"

देवमनने घरात तीनच रेकॉर्डी पाहिल्या. त्यातली सनईची छोटी रेकॉर्ड चकतीवरच असायची. ती त्याने उजेडाकडे तिरपी धरली. गाणं संपलं की मधल्या कागदापर्यंत दोन बोटं गुळगुळीत पट्टा असतो. इथं त्यातला निम्मा पट्टा रेघांनी भरला होता. कारखान्यातल्या रेघांपेक्षा बारीक, दाट, आणि शेवटचं वळण अर्धवट सुटलेलं.

त्याने पट्टी लावून मोजलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग सगळ्यांच्या समोर नवी पिन बसवली, सनईची रेकॉर्ड चकतीवर ठेवली, पिनेची दांडी तिच्या जागेवर अडकवली आणि सहाच्या सहा सेल काढून आपल्या पिशवीत टाकले. झाकण लावून दोरा आवळला, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि तिच्यावर पेचकसाचं टोक आडवं-उभं दाबून खूण केली.

"आठ दिवस," तो जगदेवरावांना म्हणाला. "सेल नाही म्हणजे चकती फिरणार नाही. लाख फुटली तर हात माणसाचा. मंग तुमी जे म्हणसान ते. पण लाख शाबूत असली तर त्या बाईचं नाव घ्याचं नाही."

"कबूल," जगदेवराव म्हणाले, आणि जरा जास्तच लवकर म्हणाले असं देवमनला वाटलं.

परतीच्या एसटीत त्याला स्वतःचाच राग आला. दोरा कोणीही तोडू शकत होतं. एका बाईची अब्रू त्याने लाखेच्या एका थेंबावर टांगून ठेवली होती.

आठवा दिवस उजाडला. देवमन पोहोचला तेव्हा ऊन अंगणात पसरलं होतं. जगदेवराव दारातच उभे होते. मनकर्णाबाई फळीखाली पोतं अंथरून बसलेली होती. तिथंच तांब्या, तिथंच चादर घडी करून ठेवलेली. डोळे सुजलेले. पंचफुला उंबऱ्याच्या बाहेर, खांबाला धरून.

देवमनने गाठ पाहिली. आडवी-उभी खूण जशीच्या तशी होती. दोऱ्याला धूळसुद्धा नव्हती.

"पाहून घ्या," तो म्हणाला. जगदेवरावांनी वाकून पाहिलं.

लाख टचकन फुटली. देवमनने झाकण उघडलं. दांडी जागेवर अडकवलेली. सेलचा कप्पा रिकामा. रेकॉर्डवर काळ्या बारीक सालींचा गोल पडलेला, पाटावर काढलेल्या रांगोळीसारखा.

पिन काढून त्याने भिंगाखाली धरली. टोक सपाट होतं.

त्याने पट्टी लावली. गुळगुळीत पट्टा एका दोऱ्याइतका उरला होता. बाकी सगळा भरला होता.

"तूच केलं हे," जगदेवराव मोठ्याने म्हणाले. "जातवाल्या बाईले वाचवाले तूच केलं! पिन जुनीच लावली असन!"

देवमनने पिशवीतून दुसरी नवी पिन काढून बसवली, सेल घातले, रेकॉर्डवरच्या साली फुंकून टाकल्या. आठ दिवसांपूर्वी जिथवर रेघा मोजल्या होत्या, तिथं त्याने पिन टेकवली.

आधी नुसती घरघर आली. मग झाडू. मातीच्या भुईवरून झाडू फिरावा तसा लांब आवाज, त्यात बांगड्या. पंचफुलानं तोंडावर पदर धरला. त्यानंतर पातेल्यावर झाकण, रस्त्यावरून गेलेली एसटी, कोणाचा तरी खोकला. सगळं लांबून, पाण्याखालून यावं तसं. पण ओळखू येत होतं.

मग जगदेवरावांचा आवाज आला.

"धुऱ्याचा दगड सरकवताना पंचफुलानं मले पाह्यलं. तिच्या भावाचं, भिवाजीचं वावर आहे ते. भिवाजी तहसिलीत तिची साक्ष लावणार. उद्या चोरटी म्हणून नाव झालं, तर साक्ष कोण मानते तिची? हा दोरा तोडाले काय लागते, मीच तोडतो."

आणि मनकर्णाबाईचा आवाज: "मी आता इथंच बसून राहीन. इथंच निजीन. हात तं लावून पाहा."

जगदेवराव भिंतीला टेकले. त्यांची टोपी तिरपी झाली होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आठ दिवस बसली मी," मनकर्णाबाई हळूच म्हणाली. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. "पंचफुला, मले आधीपासून माहीत होतं. बोलाले पाह्यजे होतं. बोलली नाही."

पंचफुला रडली नाही. खांब सोडून ती सरळ उभी राहिली.

चकती फिरतच होती. बराच वेळ नुसती खरखर. देवमनने हात पुढं केला, पण आवाज बदलला म्हणून थांबला. पावलं आली. कोणीतरी पिशवी खाली ठेवली. आतल्या हत्यारांचं खणखणणं देवमनच्या ओळखीचं होतं.

रेकॉर्डमधून त्याचाच आवाज आला. "पाहून घ्या."

मग टचकन काहीतरी फुटलं.

देवमनचा हात तसाच अधांतरी राहिला. लाख फोडली तेव्हा पिन दांडीत होती. दांडी अडकवलेली होती. सेल त्याच्या पिशवीत होते.

"तूच केलं हे," रेकॉर्ड म्हणाली. "जातवाल्या बाईले—" हे शब्द निघाले तेव्हा तर पिन दांडीतसुद्धा नव्हती, देवमनच्या हातात होती.

"बंद कर," खोलीतले जगदेवराव म्हणाले. "बंद कर ते."

पिन आत सरकत होती. अजून तीन-चार वळणं बाकी होती. खोलीत आत्ता जे घडत होतं त्याला रेकॉर्डने गाठत आणलं होतं.

देवमनने दांडी उचलली.

त्यानंतर कोणाला काही समजवावं लागलं नाही. जगदेवरावांनी त्याच आठवड्यात धुऱ्यावरचा हद्दीचा दगड मूळ जागी बसवला. स्वतः दोन गडी घेऊन गेले, दिवसाढवळ्या. भिवाजीला तहसिलीत जावं लागलं नाही. पंचफुलानं ते काम सोडलं, पण मान वर करून सोडलं. मंगरूळपीरला सरकारी दवाखान्यात तिला झाडलोटीची नोकरी लागली. देवमनने मशीनला पुन्हा हात लावला नाही. ती रेकॉर्ड फोडून टाका, एवढंच तो येताना सांगून आला.

त्याने स्वतःशी बरीच कारणं जुळवून पाहिली. घराला हादरे बसत असतील. दांडी सैल असेल. आपलंच मोजणं चुकलं असेल. दुपारी दुकानात एकटा असताना एखादं कारण पटायचंही. मग गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "आमचं मशीन काहून इतक्या लवकर बिघडते?" आणि देवमन कुंचला, पट्टा, सेल सगळं नीट सांगायचा. मात्र मशीन आपणहून बिघडत नाही, हे वाक्य त्याच्या तोंडी आता येत नसे.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मनकर्णाबाई दुकानात आली. एकटी, एसटीने. स्टुलावर बसली, पाणी प्याली.

"पिन पाह्यजे, देवमन भाऊ."

"काकू, रेकॉर्ड फोडली नाही तुमी?"

"फोडली. आमच्या यायनंच फोडली, विहिरीत टाकली." तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला. "दुसरी होती ना पेटीत. भजनाची. तिच्यावर चालू आहे आता."

देवमनने हातातला पेचकस खाली ठेवला. "मशीनच काढून टाका घरातून."

"यायले म्हटलं. ते म्हणते, आपण काढलं तर ते कोणाच्या घरी जाईन? राहू दे." तिनं पदराने ओठ टिपले. "आमी आता घरात बोलतच नाही. महिना झाला. हातानं खुणा करतो. स्वयंपाक बी अंगणात. ते जेवाले बसते, मी वाढते, मी बसते. एक शब्द नाही. तरी खरखर थांबत नाही, म्हणून काल म्या लावून पाह्यलं."

"काय होतं?"

"आमचं दोघाईचं जेवणच होतं. पाट सरकवला, पाणी वाढलं, सगळं आमचंच."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली.

"ताटं तेवढी तीन वाजत होती," मनकर्णाबाई म्हणाली, आणि पिनेसाठी हात पुढं केला.