अर्जदार घरी हजर

भुताला घाबरणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मलाच नाही. मी स्वतः अमावास्येच्या रात्री स्मशानात जाऊन विडी पेटवून आलोय. बरं, अमावास्या नव्हती. रात्रही नव्हती, संध्याकाळचे पाच वाजले होते. आणि विडी पेटवली ती स्मशानाच्या अलीकडच्या टपरीवर. पण वारा तिकडूनच येत होता, हे मात्र खरं.

म्हणून ही गोष्ट माझी नाही, लोटनची आहे. लोटन खोटं बोलत नाही. त्याला तेवढी अक्कलच नाही.

साल नव्व्याण्णव, मे महिना. पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत रात्री नऊला लाईट गेली आणि सगळे माझ्या ओट्यावर जमले. समोरच्या अभिमनने नुकताच घरात कॉम्प्युटर घेऊन फोनच्या तारेवर इंटरनेट बसवलं होतं. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"नाना, जगातली सगळी माहिती आता घरबसल्या," तो म्हणाला.

"मग उद्या नळाला पाणी कधी येणार ते विचार," मी म्हणालो.

ते त्याच्या इंटरनेटला ठाऊक नव्हतं. शिवाय ते चालू असलं की घरचा फोन एंगेज. गावाहून सासूबाईंचा फोन तीन दिवस लागला नाही. त्याची बायको कुंदा हळूच म्हणाली, "नाना, इंटरनेट काही वाईट नाही हो."

आणि ते जोडताना डब्यातून काय तो आवाज! किर्रर्र... खर्रर्र... त्या सकाळी लाइनमन लोटन अभिमनची तार बघायला आला होता. आवाज ऐकला, पक्कड तिथेच टाकली आणि चहा न पिता निघून गेला.

"लोटनकाका विचित्रच," अभिमन म्हणाला. "टेलिफोनचा माणूस, आणि स्वतःच्या घरचा फोन तिसऱ्या रिंगशिवाय उचलत नाही. मी दोनदा ताटकळलो. का हो नाना?"

मी विडी विझवली. कुंदाला म्हटलं, पोरी, दाराची कडी लावून ये. ती हसली. पण लावून आली.

त्र्याण्णव साली लोटन जामनेरला होता. आठ वर्षं रोजंदारीवर. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, संध्याकाळी सही करून घरी. घरात दोन पोरी. साहेबाने त्याला सांगितलं होतं, "शनिवारी सकाळी दहाला उरलेल्या जोडण्यांचे कागद टेबलावर पाहिजेत. तुझं नाव कायमच्या यादीत घालतो. पण एक जरी कागद खोटा निघाला, तर सोमवारपासून यायचं नाही." साहेब मोठा खवट माणूस. भिंग घेऊन बसायचा. जुन्या अर्जावरचा अंगठा आणि नव्या कागदावरचा अंगठा शेजारी शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून बघायचा.

उरलेली शेवटची जोडणी जामनेरहून भुसावळच्या रस्त्याला एका फाट्यावरच्या गावात होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात.

अर्जदार उखर्डू आबा. केळीचे मोठे बागायतदार. पंच्याऐंशी साली अर्ज केला, त्र्याण्णव साली नंबर लागला. तेव्हा फोन म्हणजे असंच होतं. अर्ज एकाने करायचा, बोलायचं दुसऱ्याने.

सोमवारी लोटन तार घेऊन गेला. फोन देताना अर्जदार स्वतः घरी हजर हवा, कागदावर त्याचा अंगठा हवा, असा नियम. आबांचा मुलगा भिकन म्हणाला, "आबा मळ्यात गेलेत." मंगळवारी आबा भुसावळला डोळे दाखवायला गेलेले. बुधवारी पुन्हा मळ्यात. लोटन भिंतीला खिळे मारत होता. समोरच्या भिंतीवर एक चौकोन दिसत होता. सगळी भिंत धुराने पिवळी, तेवढाच चौकोन पांढरा. वर खिळा. खिळ्याला झेंडूची एक वाळकी पाकळी.

भिकनची आई, झुंबरबाई, चहा घेऊन आली. कपाळावर कुंकू. हे एवढं मोठं, नवंकोरं. कप खाली ठेवून ती वळली आणि माजघराच्या दारातच पदराने कपाळ खसाखसा पुसलं. लोटन येडा असला तरी आंधळा नव्हता.

गुरुवारी त्याने भिकनला बाजूला घेतलं. "आबा कधी गेले?"

भिकनने मान खाली घातली. "दोन वर्सं झाली. भाऊ, नाव बदलायले गेलो तं पुन्हा यादीच्या तळाशी. पुन्हा आठ वर्सं. केळीच्या ट्रका रोज उभ्या राहतात, रावेरच्या बाजाराचा भाव कळत नाही. तुमी फक्त कागद करा."

"आणि पितर? उद्या सर्वपित्री."

"एकदा फोन लागू द्या. जित्या मानसाचं पितर घातलं असं तुमच्या साहेबाच्या कानावर गेलं तं? दोन वर्सं घातलं, यंदा नाही घातलं तं आबा काय रागावतील?"

लोटनला पोरी दिसल्या, यादी दिसली. त्याने कागद काढला आणि बोट चावत एकेक अक्षर लिहिलं. अर्जदार घरी हजर.

राहिला अंगठा. आबांना सही येत नव्हती. जुन्या अर्जावर त्यांचा अंगठा होता, आणि त्या अंगठ्यावर एक तिरकी रेघ. तरुणपणी कडबा कापायच्या मशीनमध्ये बोट सापडलं होतं, त्याचा व्रण. भिकन म्हणाला, "त्याची काळजी नको. मी ब्लेडने तशीच रेघ मारून घेतो."

शुक्रवार, पंधरा ऑक्टोबर त्र्याण्णव. सर्वपित्री अमावास्या.

लोटन सायकलवर फोनचं खोकं बांधून गावात शिरला तेव्हा गल्लीगल्लीत तळणाचा वास भरून राहिला होता. घराघरांत खीर, वडे, कढी. गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाचा घास टाकतात ना, आगारी म्हणतो आपण, तिचा धूर सगळ्या कौलांतून दिवसभर निघत होता. एका घरातून नाही.

फाट्याजवळ तार तुटलेली. ती जोडेपर्यंत अंधार पडला. साडेआठला गावाची लाईट गेली. लोटनने भिकनच्या घरात चिमणीच्या उजेडात फोन बसवला. त्या पांढऱ्या चौकोनाच्या बरोब्बर खाली, स्टुलावर. कागद फोनखाली दाबून ठेवला. अंगठ्याची जागा कोरी.

घरात शाईचा पॅड नव्हता. भिकन म्हणाला, "मास्तरांकडून पॅड आनतो, अन् ब्लेड." आणि गेला.

लोटन एकटा. आत माजघरात झुंबरबाई. दिवा नव्हता तिच्याकडे.

रिसीव्हर उचलला. लाईन आली होती. तुम्हाला सांगतो, सगळं गाव अंधारात असलं तरी फोन जिवंत असतो. त्याची वीज वेगळी. लोटनने एक्स्चेंजला फोन लावला. रात्रपाळीला जीवराम होता, लोटनचा दोस्त.

"जीवराम, लाईन तपास. रिंग मार."

"ठेव खाली. मारतो."

लोटनने फोन ठेवला.

आतून आवाज आला. झुंबरबाईचा. पाच दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"भाऊ. आज आमुशा हाये. पहिल्या हाकेले ओ देऊ नका. मानूस असंल तं तिसऱ्यांदा हाक मारते. दुसरं काही असंल तं दोनदाच."

लोटन हसला. "अक्का, ही हाक नाही. घंटी आहे. ऑफिसातून येते."

घंटी वाजली.

त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल जीवराम."

किर्रर्र...

खर्रर्र... खर्रर्र... जुनं मशीन कोणी हाताने फिरवतंय. पात्याखाली काहीतरी सुकं कापलं जातंय. आणि मग काहीतरी ओलं.

थांबलं.

"जीवराम?"

श्वास. म्हाताऱ्या माणसाचा. लांबून चालत आल्यासारखा.

"...कोन?"

"मी... लोटन. लाइनमन."

तारेत वारा.

"...मले घरी हजर केलं... तूच ना भाऊ?"

लोटनची नजर फोनखालच्या कागदावर गेली.

"...घरी आलो... सगळ्याइच्या घरी धूर हाये..."



"...मले भूक लागली."

लोटनने रिसीव्हर आदळला. चिमणी तशीच जळत होती. सरळ. वारा कुठेच नव्हता.

("नाना, बस करा," कुंदा म्हणाली. मी थांबलो नाही. थांबायची जागा ही नव्हती.)

घंटी. एकदा... लोटन भिंतीला टेकला. दुसऱ्यांदा... तो तसाच. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्याने दोन बोटांनी रिसीव्हर उचलला, निखारा उचलावा तसा.

"अरे लोटन!" जीवरामच. अस्सल जीवराम, शिवीसकट. "दहा मिनिटं झाली, रिंग मारतोय. सारखा एंगेज. पहिली घंटी आत्ता गेली माझी. कोणाशी बोलत होतास एवढं?"

लोटनने फोन ठेवला.

तेवढ्यात वास आला.

तूप. जळणाऱ्या गोवरीवर पडलेलं तूप.

तो माजघराच्या दारात गेला. झुंबरबाई अंधारात पाटासमोर बसली होती. कपाळ कोरं. पत्रावळीवर भात, कढी, दोन वडे. कधी रांधलं, कोणाला पत्ता नाही. पुढ्यात गोवरीचा निखारा आणि निखाऱ्यावर घास. पाटावर तो फोटो, भिंतीवरून काढलेला. धूर वर जात नव्हता. जमिनीला धरून सरपटत होता... लोटनच्या पायांमधून... बाहेरच्या खोलीकडे... स्टुलाकडे.

"आई!" दारात भिकन. एका हातात पॅड, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं ब्लेड. "आई, काय करतेस? उद्यापर्यंत दम निघत नव्हता?"

तिने निखाऱ्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले.

लोटनला फक्त पळायचं होतं. कागद घ्यायचा, सायकल घ्यायची. तो स्टुलाकडे धावला, फोन उचलला, खालचा कागद ओढला. चिमणीपाशी धरला.

अंगठ्याची जागा कोरी नव्हती.

राखेचा अंगठा. करडा. स्पष्ट. मोठ्या मापाचा, पुरुषाचा. आणि मधोमध...

तिरकी रेघ.

लोटनने फुंकर मारली. राख उडाली नाही. बोटाने पुसली. पुसली गेली नाही. त्याने भिकनचा हात ओढून उजेडात धरला. अंगठा शाबूत, ब्लेड अजून गुंडाळलेलं, पॅडचं झाकण बंद. स्वतःचा हात बघितला. तारेचा काळा मळ. राख नाही. माजघराच्या दारात झुंबरबाई येऊन उभी राहिली. तिची बोटं तुपाची, बारीक, पाखराच्या पायांसारखी.

खिशात जुन्या अर्जाची नक्कल होती. त्याने ती शेजारी धरली. रेघ न् रेघ तीच. साहेबाने दहा भिंगं लावली तरी बोट ठेवायला जागा नव्हती. पोरींची भाकरी पक्की झाली होती. लोटनला ते कळत होतं, तरी तो कागद त्याला खिशात घालवेना.

"अक्का, घरात आपण तिघंच. मग हे... हे कोणी केलं?"

झुंबरबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती त्याच्या मागे, स्टुलाकडे बघत होती. हळूच पदर डोक्यावर ओढून घेतला, घरात मोठं माणूस बसलेलं असावं तसा.

"मले काय विचारता भाऊ? मानूस घरी हजर हाये, हे तं तुमीच लिवलं ना?"