रावजीच्या तोंडावरचा रंग

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात शुभंकरचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक लांबट गाळा, पुढे काउंटर, मध्ये कॉम्प्युटर, मागे निळा पडदा आणि एक स्टूल. हल्ली लोक फोटो मोबाईलवरच काढतात. शुभंकरकडे येतात ते काढलेले फोटो सुधारून घ्यायला. लग्नाच्या मुलींचे, नोकरीच्या अर्जाचे, आणि गेलेल्या माणसांचे. मागणं सगळ्यांचं एकच: "जरा उजळ करा हो."

शुभंकरला हे काम आवडायचं. आई गेल्यापासून तो एकटाच होता. बहीण डोंबिवलीला, तिचा फोन सणावारी. खानावळीतला डबा आणून देणारा माणूस "डबा" एवढा एकच शब्द बोलून निघून जायचा. असेही दिवस जायचे, की सकाळपासून आपल्याकडे कोणी धड बघितलेलंच नाही, हे त्याच्या शटर ओढताना लक्षात यायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे चेहरे मात्र बघायचे. कोणाच्या डोळ्यांखालचं काळं काढताना, कोणाच्या गालावर थोडी ऊब आणताना तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचासुद्धा. "मान जरा वर हवी होती वहिनी. पण असू दे."

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपार कलायला लागली असताना एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. साठीच्या आतबाहेरची, लुगडं गुडघ्याशी ओलं, पावलांना खाडीचा चिखल. कपाळ मोकळं होतं.

"फोटो मोठा करून देतोस काय, बाबा? भिंतीला लावायचा हाय."

तिचं नाव सोनूबाई. खाडीपलीकडच्या वाडीतली. नवरा, रावजी, मच्छीमार बोटीवर खलाशी होता. नवरात्रात वादळ झालं त्यात बोट गेली. बाकीचे सापडले, कोण जिवंत, कोण मेलेला. रावजी सापडला नाही. हे सगळं तिने सांगितलं ते गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तसं.

मग तिने मोबाईल पुढे केला. फोटोत एक माणूस दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे उभा होता. मागे काळोख, पुढून घरातल्या दिव्याचा उजेड. तरी चेहरा काळवंडलेला.

"दुसरा नाही का मावशी? आधारकार्डावरचा वगैरे?"

"नको. हाच कर. पण त्याला तो ओळखता आला पायजे, असा कर."

"म्हणजे तुम्हाला ओळखता आला पाहिजे."

फोटो कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत सोनूबाई थांबली. मग "उद्या येतंय," म्हणाली आणि पायरी उतरून गेली.

पंखा लावून शुभंकर कामाला बसला. असा फोटो सुधारायचा तर आधी सावल्या उचलायच्या, मग कातडीचा रंग जागेवर आणायचा, आणि शेवटी कॉन्ट्रास्ट वाढवायचा, म्हणजे उजेड आणि काळोख एकमेकांपासून सुटे करायचे. सावल्या उचलल्या तसा रावजीचा चेहरा वर आला. रुंद कपाळ, बसकं नाक, पांढऱ्या मिशा. पण रंग बसेना.

माणूस गोरा असो, सावळा असो, नाहीतर काळाकुट्ट. कातडीच्या खाली रक्त असतं, म्हणून चेहऱ्यात लाल हा असतोच. रावजीच्या चेहऱ्यात लाल नव्हताच. शुभंकरने तो वरून चढवला, तर गुलाल फासल्यासारखं दिसायला लागलं. पिवळा वाढवला, तर कावीळ झाल्यासारखं. उजळ केलं, तर बर्फात ठेवलेल्या पापलेटासारखं करडं, चकचकीत. डोळ्यांतही काही नव्हतं. समोर दिवा असला की बुबुळावर उजेडाचा ठिपका पडतो. इथे दोन्ही डोळे विझलेले.

"काय रावजीकाका, ऐकत नाही तुम्ही," तो पुटपुटला.

गाळ्यात खारट, शेवाळलेला वास आला. वारा बंदराकडून फिरला असेल, असं म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

शेवटी त्याने वेगळं काहीतरी केलं. टेबलावरच्या दिव्याखाली स्वतःचा डावा हात धरला, हाताचा फोटो काढला, आणि त्या कातडीचा रंग उचलून रावजीच्या गालावर ठेवला. बसला. कपाळ, मान, हात, जिथे लावावा तिथे तो आत मुरत गेला. भेगाळलेल्या जमिनीत पाणी मुरावं तसा, जरा घाईनेच. डोळ्यांत पांढरे ठिपके ठेवले, आणि पडद्यावरचा माणूस जिवंत झाला. शुभंकर खुर्चीत मागे रेलला. कितीतरी दिवसांत इतकं समाधान त्याला वाटलं नव्हतं.

राहता राहिला कॉन्ट्रास्ट. मागचा काळोख आणखी गडद करायच्या आधी त्यात काही घाण नाही ना, हे पाहायला त्याने तो भाग उजळवला. रावजीच्या खांद्यामागे, शेजारच्या अंगणात, बांबूच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं. त्याने ते मोठं करून पाहिलं.

आकाशकंदील होता. पेटलेला.

नवरात्रात बुडालेल्या माणसाच्या मागे दिवाळीचा कंदील. मागच्या वर्षीचा फोटो असेल, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि तरी त्याने फाईलची तारीख उघडून बघितली. फोटो गेल्याच आठवड्यातला होता.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई आली तेव्हा फ्रेम कागदात बांधून काउंटरवर ठेवलेली होती. शुभंकरने फ्रेमवर हात ठेवला.

"मावशी, हा फोटो कोणी काढला?"

"मी."

"कधी?"

सोनूबाईने मागे वळून बोळ पाहून घेतला. मग आत येऊन स्टुलावर बसली.

"रोज तिन्हीसांजेला येतो," ती हळूच म्हणाली. "उंबऱ्याभायेर उभा ऱ्हातो. आत येत नाय. म्हणतो, सोनू, जेवण वाढलंस काय... भूक लागलीय... त्याला ठावकच नाय, बाबा. आपण मेलाव, ता त्याला ठावकच नाय."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगणार? तोंडानं बोलवत नाय. म्हणून म्हटलं, भिंतीला फोटो लावीन, हार घालीन. त्याचं त्याला समजंल. मग जाईल..." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गेला की मग मी आनि चार भिंती. पण त्याचे हाल बघवत नाय रे."

शुभंकरने फ्रेम पुढे ओढली. त्याने कागद सोडला. सोनूबाई बराच वेळ फ्रेमकडे बघत राहिली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"असाच होता. वादळाच्या आदी असाच होता." तिने काचेवरून रावजीच्या गालावर बोट फिरवलं. "एवढा जित्ता रंग कुठनं आणलास?"

"माझ्याच हाताचा लावला."

तिचं बोट थांबलं. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. फ्रेम छातीशी धरून घाईघाईने होडी गाठायला निघून गेली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. आधी नुसतीच रातकिड्यांची किरकिर. मग तिचा आवाज.

"बाबा... ता चुकलं."

"काय झालं मावशी?"

"त्यानं फोटो बघितला. हार पण बघितला. दारातनं वाकून वाकून बघत होता. मग म्हणाला, सोनू, ह्या माज्या तोंडावर रंग कोणाचा? हा जित्या माणसाचा हाय... कुठं ऱ्हातो तो?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी कदी खोटं बोललंय काय त्याच्याशी? इतक्या वर्षांत?"

रातकिडे किरकिरत राहिले.

"त्या दिवसापासनं आला नाय," ती म्हणाली. "आज पण वाढून बसलंय. भात गार झाला..." आणि ती रडायला लागली. लहान मुलीसारखी, आवाज न लपवता. शुभंकर फोन कानाला लावून ऐकत राहिला. ठेवून द्यायचा धीर दोघांनाही होईना.

त्या रात्रीच त्याने रावजीचा फोटो कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. हाताचाही. पुढचे काही दिवस तिन्हीसांजेच्या सुमाराला तो स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, पिशव्या सांभाळत आपापल्या घरी जायची. काही झालं नाही. भीती होतीच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटायची: कोणीतरी त्याचा पत्ता विचारत निघालं होतं. इतक्या वर्षांत त्याचा पत्ता कोणी विचारला नव्हता.

एका संध्याकाळी तो टपरीवर गेला नाही. काम होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्याचा मोबाईल काउंटरवर छोट्या स्टँडवर उभा ठेवलेला होता, दाराकडे तोंड करून. बोळात चिटपाखरू नव्हतं. शुभंकर मागच्या मोरीत डबा धूत होता. दिवेलागणीची वेळ. तेवढ्यात पुढून टक् असा बारीक आवाज आला. रोज दहादा ऐकलेला आवाज.

हात तसेच ओले ठेवून तो बाहेर आला. पायरी मोकळी होती, पण गाळ्यात तोच खारट, शेवाळलेला वास भरला होता. काउंटरपाशीही कोणी नव्हतं.

मोबाईलचं कुलूप उघडलं होतं. पडदा उजळलेला होता, दाराच्या दिशेने.

ते कुलूप चेहरा बघून उघडतं. शुभंकरचा चेहरा सोडून ते आजवर दुसऱ्या कोणाच्याही चेहऱ्याने उघडलेलं नव्हतं.