राखण्याला कळलेला उपवास

"आज माझा उपवास आहे रे," कुमुदमावशींनी आपल्या डाव्या दंडाला सांगितलं. दंड दोनदा हलकेच थरथरला. म्हणजे राखण्याला कळलं.

कागदोपत्री त्याचं नाव 'शर्करारक्षक', पण मिरजेत सगळे त्याला राखण्याच म्हणत. कातडीखाली बसवलेली चिंचोक्याएवढी डबी. रक्तातली साखर सतत मोजायची आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडायची. जेवणाच्या वेळा मात्र त्याला आधी सांगाव्या लागत, कारण तीच भाकरी सकाळी खाल्ली तर साखर बेताने चढते आणि रात्री खाल्ली तर जास्त. राखण्याने मावशींचं सगळं खाणं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढ्यात बसवलं होतं. रात्री मालिका बघत फरसाण खाणं बंद झालं, म्हणून मावशींनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. साखर मात्र आटोक्यात आली.

त्यांची भाची ऋजुता पुण्यात याच राखण्यांवर संशोधन करत होती. गणपतीसाठी ती संध्याकाळी यायची होती, पण रजा मिळाली म्हणून सकाळीच येऊन धडकली. आज हरतालिका होती.

"मावशी, लग्न केलं नाहीस आणि हरतालिका कसली धरतेस? अजून स्थळं बघतेयस का?"

"वाईट नवरा मिळाला नाही, हे काय कमी फळ आहे?" मावशी वाळूची पिंड थापत म्हणाल्या. अडतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, उत्तर तयारच असायचं.

ऋजुता हसली. ती खुशीत होती. पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत ती आपला शोध मांडणार होती. हजारो राखण्यांच्या नोंदींत तिला एक विचित्र गोष्ट सापडली होती. मराठी माणसं उपाशी राहिली, की त्यांची साखर उतरायच्या ऐवजी चढते! उपाशीपोटी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, तेच या लोकांत जास्त होत असणार, असं तिने मांडलं आणि ते भल्याभल्यांना पटलं. राखणे तर हे तिच्याही आधी शिकले होते. 'उपवास' हा शब्द कानावर पडला, की चढणाऱ्या साखरेच्या बंदोबस्तासाठी ते आधीच इन्सुलिन सोडू लागले होते.

"ही पत्री वर्गात कोणी आणली?" मावशी एकदम खेकसल्या. "बाहेर उभी राहा!"

ऋजुताला आधी गंमत वाटली. मग तिने मावशींचं कपाळ पाहिलं. घामाने निथळत होतं, आणि हातातलं बेलाचं पान थरथरत होतं. तिने घाईघाईने फोनवर राखण्याचा आकडा उघडला. साखर बेचाळीसवर आली होती आणि अजून खाली चालली होती.

"मावशी, साखर खा. लगेच!"

मावशींनी दात घट्ट आवळले. भान सुटत चाललं होतं, पण नेम सुटत नव्हता. "पाणीसुद्धा नाही आज," त्या पुटपुटल्या आणि कलंडल्या.

ऋजुता घाबरली, रडकुंडीलाच आली. पंचामृतासाठी काढलेली मधाची वाटी पूजेच्या ताटात होती. तिने बोट बुडवलं आणि मावशींच्या हिरड्यांवर मध चोळत राहिली, पुन्हा पुन्हा, "मावशी, मावशी" करत. आकडा बराच वेळ हलेना. मग हळूहळू वर सरकू लागला.

मावशींनी डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरवली. "मोडलास ना उपवास?"

ऋजुताने त्यांना बिलगून रडून घेतलं. मग तिने नोंद तपासली. राखण्याने सकाळीच भरभक्कम मात्रा सोडली होती. साखर पडताना त्याला दिसत होती, पण उपवासाला ती चढतेच, अशी त्याची खात्री होती. आणि रक्तात गेलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही.

"मावशी, एकादशीला तू राखण्याला काय सांगतेस?"

"उपवास आहे म्हणून. दुसरं काय सांगू?"

"आणि खातेस काय?"

"उपवासाचं. खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा..." मावशी थांबल्या. "का गं?"

ऋजुताला स्वतःची लाज वाटली. आपल्या निबंधाचं अर्धं टिपण तिने गेल्या आषाढीला याच घरात लिहिलं होतं, साबुदाण्याची खिचडी खाता खाता. वरून दही घे, असा मावशींचा आग्रहही झाला होता. यकृताने काहीच केलं नव्हतं. चढत होता तो साबुदाणा.

सगळे राखणे जिथून चालवले जात, त्या पुण्यातल्या केंद्रात तिने कौस्तुभला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगितलं. "तो शब्द आत्ताच्या आत्ता बंद कर."

"करतो," कौस्तुभ म्हणाला. "पण सकाळपासून हजारो जणींनी तो उच्चारलाय गं. मात्रा गेल्यात. आता सगळ्यांना निरोप धाडतो, ताबडतोब गोड खा म्हणून."

"हरतालिकेला?" मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. "कोण खाईल? मी खाल्लं असतं का?"

कौस्तुभने फोन चालूच ठेवला होता. पलीकडे कोणीतरी मोठमोठ्याने गावांची नावं वाचत होतं. ऋजुताच्या बोटांना अजून मध लागलेला होता.

मावशींनी तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "तू आज संध्याकाळी येणार होतीस ना गं?"