न्जांगची न दिसणारी बटणं

"हा न्जांग ज्यानं बनवला ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा! दोन्ही कान उपटून हातात देते त्याच्या!"

खोलीत मी एकटीच होते. निदान माझी तशी समजूत होती. बाहेर आमच्या बुएआ गावचा पाऊस कोसळत होता आणि उघड्या दारातून डोंगरावरचं धुकं निवांत आत येत होतं. धुक्यापाठोपाठ एक आवाज आला...

"बसू का मग?"

दारात एक उंच तरुण उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं. हातात कागदात गुंडाळलेलं भाजलेलं केळं. ते तेवढं त्यानं शर्टाखाली धरून कोरडं ठेवलं होतं.

"कोण तुम्ही?"

"लुकाँग. पावसामुळे आडोशाला थांबलो होतो. पण आपलं एवढं कौतुक कानावर आलं, मग राहवेना." त्यानं मान वाकडी केली. "आधी कुठला उपटणार? डावा जरा कमी ऐकतो, तो गेला तरी चालेल."

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. न्जांग म्हणजे आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्राम. तो लुकाँगनं कॉलेजात असताना चर्चमधल्या गाण्यांसाठी लिहिला आणि सगळ्यांना फुकट वाटला. आमच्या छोट्या रेडिओ केंद्राचे जुने कॉम्प्युटर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचे, म्हणून पा मोकाकेंनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, तोच घेतला होता.

"या, बघा तुमचं लेकरू," मी खुर्ची सरकवली.

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. अर्धी खिडकी काळी, अर्धी पांढरी. पांढऱ्यावर पांढरीच अक्षरं. बटणांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. लग्नाला कोट घालून निघावं आणि खाली पायजमा तसाच राहावा, असं ते ध्यान!

"माझ्या मशीनवर तर... छान दिसतं," तो पुटपुटला.

"मग तुमचं मशीनच द्या."

"पण तुम्ही काम कसं करता याच्यावर?"

"करते. हा चौकोन कापायचा, त्याच्या शेजारचा जोडायचा. त्या कोपऱ्यातल्याला हात लावायचा नाही, तो सगळं पुसतो. एकदा रडून झालंय."

मी हेडफोन लावला आणि टोले चहामळ्यातल्या एका म्हाताऱ्याचा निरोप ऐकत त्याचा खोकला कापला. रविवारी दुपारी माझा निरोपांचा कार्यक्रम असायचा. डोंगरावरची माणसं खालच्या मळ्यांत, बंदरांवर गेलेल्या आपल्या माणसांना दोन शब्द पाठवायची. लुकाँग पडद्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होता. मला ते कळत होतं. बोटं उगाच जास्त चपळ झाली.

"न दिसणारी बटणं..." तो हळूच म्हणाला. "मी लिहिलाय हा, पण मला नसतं जमलं."

असं कौतुक मला आजवर कुणी केलं नव्हतं. श्रोते आवाजाला छान म्हणायचे. हातांना कुणीच नाही.

मग तो रोज दुपारी यायला लागला. बिघाड कुठे होता ते त्यानं मला समजावलं. न्जांगला चालायला, नीट दिसायला आणखी कितीतरी छोटे प्रोग्राम लागायचे. लुकाँगच्या मशीनवर ते आधीपासूनच होते, म्हणून 'हेही लागतं' असं सांगायचंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आता एक आणावा तर तो दुसरा मागायचा, दुसरा तिसरा मागायचा... आणि आमचं इंटरनेट तर ढग आला की झोपायचं.

"सासरकडचे पाहुणे दिसतायत हे," मी म्हटलं. "एकाला बोलवा, सगळं गाव हजर."

"तुम्हाला बराच अनुभव दिसतो सासरचा?"

"अजून नाही!" मी जरा घाईनंच सांगितलं. त्यानं मान खाली घातली, पण गालातलं हसू लपलं नाही.

मी चवळीची उसळ आणि पफ-पफचे गरम, तळलेले गोड गोळे आणायचे. तो लांबच्या कुम्बो गावाकडचा, मी इथलीच, बाक्वेरी जमातीची. "तुमच्याकडे डोंगरावर माणसं आहेत की नुसतं धुकंच?" असं तो चिडवायचा. "धुकंच आहे. म्हणून तर तुमच्यासारखे वाट चुकतात," असं मी म्हणायचे. पा मोकाके चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "लिमुंगा, दुरुस्ती कॉम्प्युटरचीच चाललीय ना?"

आणि मग त्या रविवारी सगळं बिनसलं.

सकाळी लुकाँगनं प्रोग्रामचे नवे तुकडे बसवले. दुपारी कार्यक्रमाच्या तोंडावर मी न्जांग उघडायला गेले, तर तो उघडेचना! पडद्यावर एकच ओळ, अमुक एक सापडत नाही. सगळे निरोप त्याच्या पोटात अडकलेले. रेकॉर्डरमधले मी नव्यांना जागा करायला पुसून टाकले होते. आणि त्यांतच इया वोसेचा निरोप होता. तिचा मुलगा मोलुआ भांडून टिकोच्या केळीच्या मळ्यात निघून गेला होता. म्हातारी काठी टेकत डोंगर उतरून बोलायला आली होती.

"आंधळा होता, पण चालत होता!" मी लुकाँगवर ओरडले. "तू त्याला डोळे दिलेस आणि पाय काढून घेतलेस!"

तू. रागाच्या भरात तोंडातून निसटलं ते. त्याच्याही लक्षात आलं असावं. पण त्यानं सबब सांगितली नाही, पळही काढला नाही.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "आत्ता लगेच होणार नाही, खोटं सांगत नाही. पण निरोप आतच आहेत, गेलेले नाहीत. तुला... तुला काय हवंय, ते सांग."

मी डोळे मिटले. कापताना मी प्रत्येक निरोप इतक्या वेळा ऐकलेला असायचा की तो तोंडपाठच व्हायचा.

"पाणी आण," मी म्हटलं, "आणि दार लाव."

माईक उघडला आणि मी सांगत गेले. टोलेच्या म्हाताऱ्याचा, मच्छीमाराच्या बायकोचा, एकेक. आणि मग इया वोसेचा, ती जिथं थांबली होती तिथं थांबत.

"मोलुआ... छप्पर बदललं रे. आता गळत नाही. तू म्हणत होतास तेच बरोबर होतं... तुझी खाट मी अजून तिथंच ठेवलीय."

माईक बंद करून मी मागे वळले. लुकाँग भिंतीला टेकून उभा होता, पाण्याचा पेला तसाच हातात. डोळे ओले.

"काय बघतोस?"

"काही नाही," तो म्हणाला. "म्हणजे... बरंच काही. पण आज सांगायचा मला हक्क नाही."

मग काही दिवस तो आलाच नाही. मी दाराकडे बघायचे नाही असं ठरवायचे आणि बघत राहायचे. आला तेव्हा दाढी वाढलेली, बगलेत त्याचा लॅपटॉप.

"मी माझं मशीन पुसून कोरं केलं," तो म्हणाला. "माझं सगळं काढून टाकलं. तुला जसं दिसत होतं तसं मला एकदा बघायचं होतं. काय काय लागतं ते तेव्हा कळलं. आता सगळं सोबतच बांधून आणलंय."

न्जांग उघडला. सगळी खिडकी एकसारखी निळसर, अक्षरं स्वच्छ, बटणं सुबक. निरोप जसेच्या तसे. त्याच आठवड्यात इया वोसे पुन्हा डोंगर उतरून आली, एक धिप्पाड मुलगा तिची पिशवी उचलून मागे चालत होता. निरोप द्यायचा नव्हता, नुसतं भेटायचं होतं.

सगळं छान झालं. आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली. काम संपलं होतं. लुकाँगला यायला कारणच उरलं नव्हतं!

दोन-चार दुपारी मी कशाबशा काढल्या. मग त्याला फोन केला. "लुकाँग, परत बिघडलंय."

तो पावसातून धापा टाकत आला. बटणांच्या जागी पुन्हा रिकामे चौकोन! त्यानं काही तपासलं, भुवई वर गेली.

"हे आपोआप होत नाही. बटणांच्या चित्रांचा तुकडा कुणीतरी काढून टाकलाय."

"असं कोण करेल?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं.

"कुणाला तरी... मी इथं यायला हवा असेन."

अख्ख्या डोंगराशी रोज बोलणारी मी! पण "असेल," एवढंच म्हटलं.

"लिमुंगा." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता सांगू, त्या दिवशीचं? तू बोलत होतीस ना, तेव्हा वाटलं, या मुलीचं आयुष्यभर ऐकत बसावं. मला तू आवडतेस. खूप."

"डाव्या कानानं कमी ऐकतोस म्हणे..."

"थट्टा नको. उत्तर दे."

मी त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. "मलाही तू हवा आहेस. मशीन बिघडलेलं असो की नसो."

त्यानं माझा हात हातात घेतला, आणि तेवढ्यात पा मोकाके आत आले. त्यांनी पडद्यावरचे रिकामे चौकोन पाहिले, आम्हाला पाहिलं, चष्मा वर केला.

"अरे देवा, पुन्हा बिघडलं? आता बरेच दिवस लागणार का?"

आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "हो!"